वहिनीचा वजनकाटा

माझी वहिनी शाळेत मुलांची वजनं करते, एवढं कुठे बोललं की समोरचा माणूस हळूच पोट आत घेतो. मी पाहिलंय. बँकेतले साहेब घेतात, भाजीवाला घेतो, आमच्या दातांच्या डॉक्टरांनी तर एकदा माझ्या तोंडात आरसा तसाच ठेवून आधी स्वतःचं पोट आवरलं होतं. वहिनीचं तिकडे लक्षही नसतं. मोठ्या माणसांच्या पोटात तिला काडीचाही रस नाही.

ती शाळेची नर्स आहे. फुटलेले गुडघे, नाकातून येणारं रक्त, डोक्यातल्या उवा, आणि नेमकी गणिताच्या तासाला दुखणारी पोटं हे तिचं रोजचं काम. वर्षातून एकदा सगळ्या शाळेची उंची-वजनाची तपासणी असते, तीही तिच्याच गळ्यात. त्यामुळे मुलं तिला काटामावशी म्हणतात. तिला हे नाव माहीत आहे आणि मनातून आवडतं, पण तसं कबूल करणाऱ्यांतली ती नव्हे.

मी तिची धाकटी नणंद. मी शिवणकाम करते. घराच्या पुढच्या खोलीत माझं दुकान, आणि मागच्या खोल्यांत दादा, वहिनी, त्यांची मुलगी आणि मी असे आम्ही चौघं. दादा कुलुपं दुरुस्त करतो, किल्ल्या बनवतो. नणंद-भावजयींचं जसं असतं असं लोक धरून चालतात तसं आमचं मुळीच नाही. आमचं त्याहून वाईट आहे, कारण भांडण झालं की आम्हाला एकमेकींशिवाय ते सांगायला दुसरं कुणी नसतं. ती खुशीत असली की मला नावाने हाक मारते. बिनसलं की ‘वन्सं’ म्हणते. आजकाल हा शब्द कुणी वापरत नाही. वहिनीने तो खास माझ्यासाठी जपून ठेवलाय.

तपासणीच्या दिवसांत मी दोनदा तिच्या खोलीवर गेलेय, कारण तिथला पडदा माझ्या हातचा आहे आणि त्याची शिवण दर वर्षी उसवते. मुलांना पडद्याआड उभं राहून गुदगुल्या करायची सवय असते, दुसरं काय. त्यामुळे तिचं काम मी जवळून पाहिलंय. सकाळी आल्या आल्या ती काटा फरशीवर ठेवते, सतरंजीवर नाही, कारण खाली मऊ काही असलं की काटा खोटं बोलतो. मग त्यावर एक ठरलेलं लोखंडी वजन ठेवून बघते. वजन खरं निघालं तरी तिचं समाधान होत नाही, ते उचलून पुन्हा ठेवते. त्यानंतर मुलं आत यायला लागतात. बूट काढा, स्वेटर काढा, खिसे रिकामे करा. खिशांतून काय काय निघतं ते विचारू नका. गोट्या, दगड, अर्धं बिस्किट, एकाच्या खिशातून तर दादाच्याच दुकानातलं कुलूप निघालं होतं आणि ते त्याला स्वतःला कुठून आलं ते आठवत नव्हतं. उंचीच्या वेळी मुलींना अंबाडे सोडायला लावते. टाचा भिंतीला, नजर समोर. एका पठ्ठ्याने उंची वाढावी म्हणून केसांना पाणी लावून ते उभे केले होते. वहिनीने पट्टी त्या केसांसकट खाली दाबली आणि त्याच्याकडे पाहून नुसती मान हलवली.

काट्यावर मात्र प्रत्येकाने आकड्याकडे पाठ करून उभं राहायचं. आकडा मुलाला दिसत नाही. आकडा वहिनी बघते, लिहिते, आणि ओठ मिटून घेते. एकदा खेळाच्या सरांनी सुचवलं होतं, की मी आकडे ओरडून सांगतो, तुम्ही भराभर लिहा, दोन दिवसांचं काम दुपारपर्यंत उरकेल. वहिनी म्हणाली, “जरूर. आधी तुम्ही काट्यावर या, तुमचा आकडा मी ओरडते.” त्यानंतर सर पडद्याच्या आसपास फिरकले नाहीत.

आणि शेवटची गोष्ट, जी कुठल्याही सरकारी सूचनेत नाही. काट्यावरून उतरलेल्या प्रत्येक पोराला वहिनी एक वाक्य देते. वजनाबद्दल नाही, उंचीबद्दल नाही, खाण्याबद्दल तर नाहीच नाही. “परवा पावसात तू त्या लहान मुलाला छत्रीत घेतलंस, मी खिडकीतून बघत होते.” “तुझ्या मोज्याला भोक पडलंय, पण त्यातून डोकावणारा अंगठा फार रुबाबदार आहे.” “तू शिंकतोस ना, ते मला इथे ऐकू येतं आणि बरं वाटतं, शाळा चालू आहे असं वाटतं.” ही वाक्यं ती वर्षभर गोळा करत असणार, त्याशिवाय एवढी येतात कुठून? पोरं पडदा सारून हसत बाहेर येतात आणि बाहेरच्या रांगेतली पोरं त्यांना धरतात, “तुला काय म्हणाल्या?” वजन किती भरलं हे कुणी विचारतच नाही. मला तर वाटतं, ती वाक्यं नसती तर निम्मी शाळा त्या दिवशी आजारी पडली असती.

तपासणीनंतर काही घरी चिठ्ठ्या जातात. बंद पाकिटात, वर ‘पालकांस’ एवढंच. चिठ्ठी गेली की दोन-चार दिवसांत तिच्या खोलीत पालक येतात आणि त्यातले निम्मे तरी भांडायला आलेले असतात. मी पडद्याच्या शिवणीत तोंड घालून बसले होते तेव्हा एक गृहस्थ आले. चांगले तगडे. हातात पाकीट. म्हणाले, “माझा मुलगा खात्यापित्या घरचा आहे. आमच्या घराण्यात सगळे असेच. तुम्ही त्याला रोगी ठरवलंत?”

वहिनी म्हणाली, “बसा. मी काहीच ठरवलं नाही.” मग तिने त्यांच्यासमोर वाकड्या-वाकड्या रेघांचा एक तक्ता पसरला. “हे बघा. वजन आणि उंची यांचा मेळ घालून एक आकडा काढतात. मोठ्यांचं सोपं असतं, आकडा काढला की झालं. मुलांचं तसं नाही. मुलं वाढत असतात. तोच आकडा सातव्या वर्षी जास्त असतो आणि पंधराव्या वर्षी ठीक असतो. मुलींचं वेगळं, मुलांचं वेगळं. म्हणून आपण काय करतो, तुमच्या मुलाच्या वयाची शंभर मुलं मनातल्या मनात रांगेत उभी करतो आणि बघतो, हा साधारण कितवा. रांगेच्या अगदी या टोकाला किंवा त्या टोकाला असला तर घरी कळवतो. एवढंच.”

“म्हणजे तो आजारी आहे की नाही?”

“ते काट्याला कळत नाही. त्याची हाडं जड असतील, खेळून दंड भरले असतील, किंवा खरंच काही असेल. ते डॉक्टर बघतील. मी फक्त तुमचं दार वाजवलंय.”

गृहस्थ बसले, पाणी प्यायले, आणि उठताना मुलाला ओरडू का नको असंही विचारून गेले. “नको,” वहिनी म्हणाली. “आणि त्याच्या ताटाकडे बघत बसू नका. सगळ्यांनी मिळून चालायला जा, जमलं तर.” मला त्या वेळी तिचा फार अभिमान वाटला होता. अर्थात मी तो बोलून दाखवला नाही. आमच्यात तशी पद्धत नाही.

आता घरातलं सांगते. एप्रन खुंटीवर टांगला की वहिनीतली नर्स संपते. हा तिचा कायदा. घरात वजनकाटा नाही. शेजारीण पोराला घेऊन आली, “जरा बघता का, हा बारीक वाटतो,” की वहिनी म्हणणार, “उद्या शाळेत या.” चहा देणार, गप्पा मारणार, पण पोराकडे त्या नजरेने बघणार नाही. दादाला एकदा ताप आला तर त्यालाही म्हणाली होती, “मी इथे नर्स नाही,” आणि मग रात्रभर त्याच्या उशाशी बसली ती गोष्ट वेगळी. हा कायदा तिने मुलीसाठी केला होता. शाळेच्या नर्सच्या पोरीला घरी तरी नर्स नको, असं तिचं म्हणणं. म्हणणं चांगलंच होतं.

मुलगी म्हणजे माझी भाची. तेरा वर्षांची आहे. मी तिला गुंडी म्हणते, कारण जन्मली तेव्हा तशीच होती, गोल आणि चकचकीत. गेल्या वर्षी ती आईच्याच शाळेत आली. आपल्या आईला सगळ्या मुली काटामावशी म्हणतात हे तिने घरी येऊन मोठ्या थाटात सांगितलं होतं, आणि मग हळूहळू शाळेबद्दल काही सांगेनाशी झाली. तेराव्या वर्षी पोरी गप्प होतात, असं दादा म्हणाला. दादाला मुलींबद्दल जे काही माहीत आहे ते सगळं त्याला किल्ल्या घासताना सुचलेलं असतं.

यंदा शाळेचा नवा स्कर्ट शिवायला घेतला तेव्हा मी तिचं माप घेतलं. उंची चांगली वाढली होती, स्कर्ट चार बोटं लांब करावा लागणार होता. कंबर मात्र गेल्या खेपेपेक्षा कमी भरली. मी फीत पुन्हा लावली. तेवढीच. पोर श्वास रोखून उभी होती.

“श्वास सोड गं गुंडी, स्कर्ट काय तू श्वास न घेता घालणारेस?”

“सोडलाय,” ती म्हणाली. “आणि मला गुंडी म्हणू नकोस ना आत्या.”

नाव बदलायला माझी ना नव्हती. पण ती ते ज्या आवाजात म्हणाली, तो आवाज मला आवडला नाही. फीत गळ्यात तशीच टाकून मी स्वयंपाकघरात गेले आणि वहिनीला म्हटलं, “हिची कंबर कमी झालीय. वाढत्या वयात उंची वाढते आणि कंबर उतरते, हे मी वीस वर्षांत पाहिलं नाही.”

वहिनी भांडी लावत होती. “वन्सं,” ती म्हणाली, “मापं दुकानात ठेवावीत. पुढच्या आठवड्यात तपासणी आहेच. जे असेल ते तिथे कळेल.”

“तिथे कशाला कळायला हवंय? पोरगी इथे जेवते.”

“इथे मी तिला मोजणार नाही.” आणि तिने ताटल्या अशा आपटल्या की पुढचं बोलायला जागाच उरली नाही. मी चिडून दुकानात आले आणि स्कर्टला उलटी प्लीट घालून बसले. सगळी उसवावी लागली.

त्या आठवड्यात मी जेवताना मुद्दाम बघत होते. गुंडी ताटात वाढून घ्यायची, इकडचं तिकडे करायची, मधेच पाणी प्यायची, आणि “शाळेत उशिरा खाल्लं, भूक नाही,” म्हणून उठायची. डबा रोज रिकामा यायचा. रिकामा डबा बघून आई खूश, पण डबा पोरीने खाल्ला की मैत्रिणीने, हे रिकामा डबा सांगत नाही. एकदा मी विचारलंच, तर म्हणाली, “सगळं खाल्लं आत्या,” आणि माझ्याकडे न बघता बुटाची नाडी बांधत बसली. मला खोटं बोललेलं चालतं, पण इतकं वाईट खोटं बोललेलं चालत नाही.

तपासणी झाली. संध्याकाळी गुंडी घरी आली आणि दादाच्या पुढ्यात एक पाकीट टाकून तशीच उभी राहिली. वर लिहिलं होतं, ‘पालकांस’. वहिनी आत ओट्याशी भाजी चिरत होती.

दादाने पाकीट उलटसुलट केलं. “अगं, हे तर तुझं अक्षर आहे,” तो आत ओरडला.

“हो,” वहिनी म्हणाली.

“मग काय आहे ते सांग ना.”

“आत लिहिलंय.”

दादाने वाचलं. कपाळाला आठ्या घालून पुन्हा वाचलं. “पालकांनी शाळेत येऊन नर्सबाईंना भेटावं, असं लिहिलंय.”

“मग भेटावं.”

“अगं तू इथे उभी आहेस.”

“मी इथे भाजी चिरतेय.”

दादाने चिठ्ठीची नीट घडी घातली. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी हा प्रसंग त्याच्यावर आला नव्हता. शेवटी त्याने अगदी हळू आवाजात विचारलं, “वेळ घ्यावी लागते का?”

“मधल्या सुट्टीनंतर या. आधी गर्दी असते.”

मला हसू आवरेना. पण मी हसणार एवढ्यात गुंडी बोलली. “चिठ्ठी का आली?” ती म्हणाली. “मी तर कमी...” पुढचं तिने गिळलं. आणि ती आतल्या खोलीत गेली आणि कडी लावून घेतली.

माझं हसू तिथेच जिरलं. भाजी चिरायचा आवाजही थांबला.

दादाने मोबाईल काढला आणि चिठ्ठीतली उंची आणि वजन कुठल्याशा गणकात घातलं. लाल अक्षरांत काहीतरी भयंकर आलं. ते पाहून त्याचा चेहरा पडला. घरात होती नव्हती तेवढी बिस्किटं एका ताटलीत घेऊन तो गुंडीच्या दाराशी जाऊन बसला. “बाळा, उघड ना,” “बाळा, एक खा ना.” जन्मभर लोकांची दारं उघडत आलेला माझा भाऊ, ती साधी कडी त्याला दोन मिनिटांचं काम. पण तो हात गुडघ्यांवर ठेवून बसून राहिला, त्या कडीला त्याने बोट लावलं नाही. मला त्याचं फार वाईट वाटलं आणि फार बरंही वाटलं.

जरा वेळाने वहिनी पुढे दुकानात आली. हातात शाळेतून आणलेला पडदा होता. शिवण उसवलेली नव्हती, तरी तिने तो माझ्यापुढे ठेवला.

“गेल्या वर्षी ती शंभरांच्या रांगेत, बारीक टोकाकडून मोजलं तर, साठाच्या जवळ होती,” ती म्हणाली. “अगदी छान. आता विसावर आलीय.”

“म्हणजे वाईट?”

“वीस वाईट नाही. विसावरचं एखादं पोर जन्मापासून विसावरच असतं, धडधाकट असतं, त्याच्या घरी मी चिठ्ठी पाठवत नाही. पण साठावरून विसावर कुणी आपोआप येत नाही. मधे काहीतरी झालेलं असतं.” तिने पडद्याची किनार बोटांनी चोळायला सुरुवात केली. “दुसऱ्या कुणाची मुलगी असती ना, तर मी नुसत्या मनगटावरून ओळखलं असतं. माझ्या घरात जेवते ती. माझ्याशेजारी बसून.”

“मग विचार तिला.”

“काय म्हणून विचारू? आई म्हणून विचारलं तर तिला वाटेल नर्स चौकशी करतेय. नर्स म्हणून विचारलं तर तिला आई कुठे उरली? चुकीचं विचारलं आणि ती आणखी मिटली, तर?” मग ती माझ्याकडे बघून म्हणाली, “तुम्ही सांगितलं होतंत. मी ऐकलं नाही.”

भांडणात जिंकल्यावर इतकं वाईट मला कधीच वाटलं नव्हतं. मी पडदा घेतला आणि जिथे काही उसवलेलं नव्हतं तिथे दोन टाके घातले. पोरीच्या मनात काय शिरलंय ते कळल्याशिवाय तिच्या पोटात काही जाणार नाही, एवढं आम्हा दोघींनाही दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी दादाने त्याचं किल्ल्यांचं दुकान बंद ठेवलं, इस्त्रीचा शर्ट घातला आणि मला म्हणाला, “तू पण चल.”

“मला कुठे बोलावलंय? मी पालक नाही.”

“मला एकट्याला तिच्यासमोर बसायची भीती वाटते.”

मधल्या सुट्टीनंतर आम्ही गेलो. वर्गातून गुंडीलाही बोलावून घेतलं होतं. खोलीत एक टेबल, टेबलापलीकडे वहिनीची खुर्ची, अलीकडे पालकांसाठी लांब बाक, कोपऱ्यात माझा पडदा आणि त्याच्यामागे काटा. वहिनी एप्रन घालून बसली होती. केस घट्ट बांधलेले. “बसा,” ती दादाला म्हणाली, आणि देवाशप्पथ सांगते, दादा “थँक्यू” म्हणाला.

गुंडी बाकाच्या अगदी टोकाला बसली. वहिनीने तक्ता पसरला. दादाने मोबाईल पुढे केला, त्यातली लाल अक्षरं दाखवली. वहिनीने त्याकडे पाहिलं. “याने तुम्हाला मुलीचं वय विचारलं का?”

“नाही.”

“मुलगा की मुलगी, ते?”

“नाही.”

“मग हा मोठ्या माणसांचा हिशेब आहे. तेरा वर्षांच्या मुलीला तो लावायचा नाही. असल्या हिशेबाने निम्म्या शाळेला लाल अक्षरं येतील.” मग तिने तक्त्यावर दोन ठिपके दाखवले, गेल्या वर्षीचा आणि यंदाचा. दादाला रांगेचं सांगितलं, साठाचं आणि विसाचं सांगितलं. आवाज अगदी तोच, त्या तगड्या गृहस्थांशी बोलताना होता तो. उद्या सकाळी डॉक्टरांकडे न्यायचं, रक्त तपासायचं, हे ठरलं. दादा मान डोलावत होता. गुंडी फरशीकडे बघत होती.

“आणखी एक,” वहिनी म्हणाली. “चिठ्ठीत दोन्ही पालकांना बोलावलं होतं. एकच आलेत.”

दादा गोंधळला. वहिनी उठली. तिने एप्रन काढला, घडी न घालताच टेबलावर टाकला, टेबलाला वळसा घालून आली आणि बाकावर गुंडीच्या शेजारी बसली. आता आम्ही चौघंही एका बाकावर आणि समोर रिकामी खुर्ची. बाहेर कुठल्याशा वर्गात पाढे चालले होते.

“आता नर्सबाई कधी येतील?” दादाने विचारलं. तो चेष्टा करत नव्हता. त्याला खरंच कळत नव्हतं की पुढे काय.

गुंडी फिस्सकन हसली आणि त्याच श्वासात रडायला लागली. वहिनीने तिला जवळ घेतलं नाही. हात मांडीवर ठेवून नुसती शेजारी बसून राहिली. तिला ते किती जड जात होतं ते मला तिच्या बोटांवरून दिसत होतं.

“तू सगळ्यांना काहीतरी बोलतेस,” गुंडी म्हणाली.

“कुठे?”

“इथे. काट्यावरून उतरल्यावर. सगळ्यांना. तो सारखा मारामारी करतो ना, त्याला पण. मला गेल्या वर्षी काहीच बोलली नाहीस. नुसतं लिहिलंस आणि म्हणालीस, पुढची. बाहेर सगळ्या विचारत होत्या, तुला काय म्हणाल्या, तुझी आईच आहे, तुला तर भारी काहीतरी म्हणाल्या असतील. मी खोटंच सांगितलं काहीतरी.” तिने नाक पुसलं. “मला वाटलं, माझा आकडाच इतका घाण आहे की तुला बोलायला काही सुचलं नाही.”

वहिनीचा चेहरा असा झाला की मला बघवेना.

“मग मी कमी केलं,” गुंडी म्हणाली. “डबा देऊन टाकायचे. म्हटलं, यंदा तरी बोलशील. तर यंदा पण नाही. वर चिठ्ठी.”

“अगं,” वहिनी म्हणाली, आणि थांबली. शाळेतल्या प्रत्येक पोरासाठी जिच्याकडे एक वाक्य असतं तिला शब्द सापडेना. “अगं, मी वर बघितलंच नाही. वर बघितलं असतं तर मला हसू आलं असतं. स्वतःच्या मुलीचे लाड करते, असं मुलांना वाटलं असतं. बाकीच्यांसारखंच वागवायचं म्हणून मी...”

“बाकीच्यांसारखं कुठे वागवलंस?”

दादा आपल्या बुटांकडे बघत होता. मी पडद्याकडे बघत होते आणि माझे डोळे भरून आले होते, हे सांगायला मला लाज वाटत नाही.

“गेल्या वर्षीचा तुझा आकडा चांगला होता,” वहिनी शेवटी म्हणाली. “खूप चांगला होता. शपथ. आकडे मी कुठल्याच मुलाला सांगत नाही, म्हणून तुलाही...”

“मला आकडा कुठे हवा होता, आई?”

वहिनीने तेव्हा तिला ओढून घेतलं. एवढी लांब पोर, तिचे पाय बाकाबाहेर लोंबकळत होते, आणि वहिनी तिच्या डोक्यावर हनुवटी टेकून बसली होती. पाढे संपले, घंटा झाली, दाराशी कुणीतरी फुटलेला गुडघा घेऊन आलं, आम्हाला बघून घाबरून परत गेलं. कुणीही उठलं नाही.

खूप वेळाने वहिनीने विचारलं, “भूक लागलीय का गं?”

घरात हा प्रश्न आम्ही तिला रोज दहा वेळा विचारत होतो आणि रोज दहा वेळा ती नाही म्हणत होती. गुंडीने आईच्या खांद्यातून तोंड वर काढलं आणि जरा वेळ विचार केला.

“लागलीय,” ती म्हणाली. “कधीची लागलीय.”